लोटा-दोरीच्या मुलुखात

महाराष्ट्रातील ओसवाल घरांत आपले मूळ सांगताना ओसियां या गावाचे नाव आजही घेतले जाते. जोधपूरच्या उत्तरेस सुमारे पासष्ट किलोमीटरवर, थरच्या वाळवंटाच्या उंबरठ्यावर हे गाव वसले असून तेथील महावीर मंदिर आठव्या शतकातील आहे. या परिसरातून आणि एकूणच मारवाडातून जे व्यापारी पुढे नगर, पुणे, खानदेश, मराठवाडा अशा दूरच्या प्रदेशांत उतरले, त्यांच्याविषयी एक बोल घरोघरी ऐकू येतो. निघाले तेव्हा जवळ काय होते, तर एक लोटा आणि एक दोर. हा बोल बहुधा पूर्वजांच्या गरिबीची खूण म्हणून सांगितला जातो. वास्तविक त्यात वाटसरूची पक्की व्यवहारबुद्धीही आहे. ज्या वाटेवर विहिरी थोड्या आणि खोल, तेथे स्वतःचा दोर जवळ असणाऱ्याला पाण्यासाठी कोणाची वाट पाहावी लागत नाही.

त्याच वाटेवर एका डिसेंबरात पाच मित्र मोटारसायकली घेऊन गेले. पुण्याच्या वाणिज्य महाविद्यालयातील वसतिगृहात तीस वर्षांपूर्वी जुळलेली ही मैत्री. पाचांतील एक नगरचे कापड व्यापारी, दुसरे पुण्याच्या मार्केट यार्डातील भुसार मालाचे अडते, तिसरे जळगावचे औषध विक्रेते, चौथे सांगलीकडील दिगंबर घरातील हळदीचे व्यापारी आणि पाचवे चिंचवडच्या कारखान्यातील मराठा अभियंता. अभियंता वाणिज्य महाविद्यालयाचे विद्यार्थी नव्हते, पण वसतिगृहात शेजारच्या खोलीत राहत असत आणि खानावळीचा हिशेब तेच ठेवीत. वये पंचेचाळीस ते बावन्न. प्रस्थानाची तारीख कापडवाल्यांच्या सोयीने ठरली. सोळा डिसेंबरच्या सुमारास धनुर्मास लागतो, लग्नांचे मुहूर्त थांबतात आणि कापड दुकानाच्या गादीवरून आठ दिवस उठता येते.

हौसेने निघालेल्या या मंडळींची पहिली बैठक मोटारसायकलींवर झाली नाही, ती वजनावर झाली. डांबरी रस्त्यावर आणि कच्च्या वाटेवर सारख्याच विश्वासाने चालणाऱ्या ज्या दुचाक्या गेल्या दहा वर्षांत आपल्याकडे मिळू लागल्या, त्यांपैकी दोन ‘हिमालयन’ आणि तीन ‘एक्सपल्स’ त्यांच्याकडे होत्या. अशा गाड्यांचे पुढचे चाक एकवीस इंची, म्हणजे नेहमीच्या गाडीपेक्षा मोठे असते. खड्डा किंवा दगड आला तर मोठे चाक त्यात अडकत नाही, वरून निघून जाते. इंजिन जमिनीपासून उंच असते, चाकांत तारांचे आरे असतात आणि दणका गिळण्यासाठी स्प्रिंगांची हालचाल लांब असते. तरी हिमालयनचे वजन दोनशे किलोच्या आसपास आणि एक्सपल्सचे एकशे साठच्या आत. त्यावर ऐंशी किलोचा स्वार आणि मागे तीस किलोचे सामान. हे सारे मऊ वाळूत उतरते तेव्हा व्यापाऱ्याला ठाऊक असलेली जुनीच गोष्ट नव्याने कळते, की माल घेणे सोपे असते, तो वागवणे अवघड.

पुण्याहून जैसलमेर सुमारे बाराशे किलोमीटर. ते सारे अंतर महामार्गावर कापण्यात वेळ घालवण्यापेक्षा गाड्या रेल्वेच्या पार्सलने जोधपूरला पाठवाव्यात असे ठरले. रेल्वे यासाठी टाकी पूर्ण रिकामी करून घेते, गाडीला गोणपाट आणि पुठ्ठ्यात गुंडाळून शिवावे लागते आणि कागदपत्रांच्या प्रती जोडाव्या लागतात. गोणपाटात शिवलेल्या पाच मोटारसायकली पार्सल कचेरीच्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा अडत्यांना त्या आपल्याच पेठेतील मालासारख्या वाटल्या, फक्त वर मार्का लिहायचा राहिला होता.

स्वयंपाकाचा प्रश्न लवकर सुटला. खाखरे, मेथीचे थेपले, मुगाची डाळ, तांदूळ, पापड आणि एक लहान गॅस शेगडी. केर-सांगरी जोधपुरात घ्यायची होती. वाळवंटाचे हे खाणे मोठे समजूतदार आहे. हिरवी भाजी जेथे वर्षातील बहुतेक दिवस मिळत नाही, तेथील गृहिणींनी खेजडीच्या शेंगा, केराची फळे, बेसनाचे गट्टे, वड्या, पापड यांतून भाजीचे ताट उभे केले, आणि तिथीला लीलोत्री न खाणाऱ्या घरांना ते तयारच मिळाले. अभियंत्यांना कांदा-बटाट्याविना आठ दिवस निघतील का, असे आधीच विचारून घेतले होते. त्यांनी हरकत घेतली नाही. मात्र घरून शेंगदाण्याची चटणी आणली आणि वहिनींनी त्यात लसूण घातलेली नाही, हे डबा उघडताना दर वेळी सांगितले.

पाण्याचा हिशेब कापडवाल्यांनी केला. माणशी दिवसाला पाच लिटर, म्हणजे पाचांना पंचवीस. वाळूत दोन रात्री काढायच्या, म्हणजे पन्नास. प्रत्येक गाडीवर दहा लिटरचा एक कॅन, बाजूच्या पिशवीच्या मागे पट्ट्याने आवळलेला. कागदावर हा हिशेब निर्दोष होता.

जोधपूरहून ओसियां, फलोदी, पोकरण या मार्गाने जैसलमेर तीनशे किलोमीटरहून थोडे अधिक भरते. ओसियांत दर्शन झाले, पेढीवर नावे लिहिली गेली आणि मंडळी पुढे निघाली. फलोदीचे नाव देशाला एरवी उन्हाळ्यासाठी माहीत आहे. मे २०१६ मध्ये येथे ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. हिवाळ्यात मात्र या भागाची शान वेगळीच असते. फलोदीपासून चार-पाच किलोमीटरवरच्या खीचन गावात मध्य आशिया आणि मंगोलियाकडून येणारे कांड्या करकोचे उतरतात. मारवाडात त्यांना कुरजां म्हणतात. सप्टेंबरपासून मार्चपर्यंत त्यांचा मुक्काम असतो आणि त्यांची संख्या हजारांत जाते. गावातील जैन कुटुंबांनी पाखरांना दाणे घालण्याची रीत चालवली, त्यासाठी कुंपण घातलेले चुग्गाघर उभे केले आणि गाव सोडून दूर पेढ्या थाटलेल्या घरांकडूनही तेथे धान्य येत राहिले. जून २०२५ मध्ये खीचनच्या पाणथळ जागेचा समावेश रामसर यादीत झाला.

मित्र सकाळी लवकर पोहोचले, तेव्हा आकाशात रांगांवर रांगा घिरट्या घालत होत्या आणि पक्षी एकदम उतरत नव्हते. आधी थोडे उतरतात, अदमास घेतात, मग बाकीचे. राखी अंगाचे, काळ्या गळ्याचे, डोळ्यांमागे पांढऱ्या पिसांचा झुबका असलेले ते उंच पक्षी दाटीने उभे राहून दाणे टिपू लागले, की कुंपणाच्या आत जमीन दिसत नाही. अडत्यांनी कडेला सांडलेली चिमूटभर ज्वारी तळहातावर घेऊन सवयीने फुंकर मारली. काडीकचरा नव्हता, दाणा टपोरा होता. धर्मादायाच्या नावाखाली हलका माल घालणारे लोक त्यांनी पेठेत पाहिले होते. येथे तसे नव्हते, याचे त्यांना समाधान वाटले. पुढे पोकरण, तेथे चहा, आणि संध्याकाळी जैसलमेर.

वाळवंटात कोठेही तंबू ठोकता येतो, हा शहरातील समज चुकीचा आहे. जैसलमेरच्या पश्चिमेस सीमा असल्याने अनेक गावांत बाहेरच्या माणसाला परवानगीवाचून जाता येत नाही. शिवाय मोठा प्रदेश राष्ट्रीय मरुउद्यानात येतो. तेथे माळढोक आहे, ज्याला राजस्थानात गोडावण म्हणतात आणि जो त्या राज्याचा राज्यपक्षी आहे. सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यामुळे हा पक्षी महाराष्ट्राला परका नाही. पण आपल्याकडे तो जवळजवळ नाहीसा झाला, आणि जगातील त्याची बहुतेक शिल्लक याच वाळवंटात उरली आहे. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. मोकळे माळरान दिसले म्हणून गाडी हवी तशी फिरवणे म्हणजे काय, हे एवढ्यावरून समजावे. मित्रांनी पोलिस ठाण्यात चौकशी केली, मरुउद्यान आणि सीमेची गावे टाळली आणि जैसलमेरपासून पन्नासेक किलोमीटरवरच्या एका ढाणीच्या मालकाची परवानगी घेऊन, तेथवर गेलेल्या जुन्या उंटवाटेनेच जायचे ठरवले.

सम येथील प्रसिद्ध टेकड्या त्यांनी रस्त्यावरूनच पाहिल्या. तंबूंच्या वसाहती, उतारावरून किंचाळत जाणाऱ्या जीपगाड्या, रात्री नाचगाणे आणि सकाळी वाळूत अर्धवट पुरलेल्या बाटल्या. पर्यटनाने या भागाला पैसा दिला हे खरे. पण ज्या शांततेसाठी माणूस एवढ्या दूर येतो, तीच तेथे विकून संपवली आहे.

डांबरी रस्ता सुटला तेथे टायरांतील हवा तीसवरून पंधरा-सोळावर आणली गेली. हवा कमी केली की टायर पसरते आणि वाळूवर तरंगल्यासारखे चालते. फूटरेस्टवर उभे राहायचे, अंग थोडे मागे ठेवायचे, हँडल हातात सैल धरायचे, नजर चाकापुढे न ठेवता दूर ठेवायची आणि वेग कमी करायचा नाही. शेवटचा नियम सर्वांत कठीण, कारण गाडी डळमळू लागली की माणसाचा हात आपोआप आवळतो आणि पेट्रोल बंद होते. तसे झाले की पुढचे चाक रुतते आणि स्वार बाजूला पडतो. टेकडीचा वाऱ्याकडचा उतार सौम्य असतो, पलीकडचा एकदम तीस-बत्तीस अंशांचा. माथ्यावर पोहोचेपर्यंत पलीकडे काय आहे हे दिसत नाही. म्हणून माथ्याच्या अलीकडे वेग आवरून, थांबून, चालत जाऊन पाहायचे. पहिल्या सहा किलोमीटरमध्ये पाच जण मिळून अकरा वेळा पडले. वाळू मऊ असल्याने कोणाला लागले नाही; पण दोनशे किलोची गाडी पाठ टेकवून, गुडघ्यांत बळ आणून प्रत्येक वेळी उचलावी लागे, आणि डिसेंबरचे ऊन असूनही अंगातून पाणी गळे. गाडी उभी करताना साइड स्टँड रुतू नये म्हणून प्रत्येकाने खिशात लाकडाचा एक चपटा तुकडा ठेवला होता.

या सगळ्या कसरतीत समोरून एक शंभर सीसीची जुनी गाडी आली. तिच्यावर दुधाचे दोन कॅन, चालवणारा पोरगा आणि मागे घोंगडी पांघरलेली एक म्हातारी. पायांत चप्पल, डोक्याला फेटा. तो पोरगा जराही न डगमगता मंडळींच्या मधून निघून गेला. अभियंत्यांनी मागे वळून त्याची टायरे पाहिली. ती गुळगुळीत झाली होती.

सायंकाळी चारच्या सुमारास औषधवाले शेवटच्या एका माथ्यावर कलंडले. गाडी उजव्या कुशीवर पडली आणि कॅनचे झाकण फोगाच्या खोडावर आपटून उडाले. गाडी उचलेपर्यंत दहा लिटर पाणी वाळूत गेले होते. वाळूत सांडलेल्या पाण्याचा डागही फार वेळ राहत नाही. तेव्हा सांगलीकरांनी आपला कॅन पाहिला. दिवसभर पट्ट्याच्या कडीशी घासून त्याला बारीक छिद्र पडले होते आणि तळाशी दोन लिटरच उरले होते. पिण्यात आणि तोंडे धुण्यात बारा लिटर गेलेले. कापडवाल्यांनी वाळूवर बोटाने बेरीज-वजाबाकी मांडली. पन्नासातून बारा, दहा आणि आठ वजा जाता शिल्लक वीस. रात्रीचा स्वयंपाक, रात्र, सकाळ आणि परतीची तीच वाट.

जिवावर बेतावे असा हा प्रसंग नव्हता. परंतु चौदा किलोमीटर वाळू अंधारात पार करणे शहाणपणाचे नव्हते, आणि वीस लिटरमध्ये पाच दमलेली माणसे काटकसरीनेच राहू शकत होती. औषधवाल्यांनी दुसरी रात्र रद्द करावी असे सुचवले. त्याला कोणी विरोध केला नाही.

खरा पेच अडत्यांचा होता. ते कित्येक वर्षे चौविहार पाळतात. सूर्यास्तानंतर अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. जैसलमेरला डिसेंबरात सूर्य सहाच्या आत मावळतो. सकाळी साडेसातच्या सुमारास उगवतो आणि नवकारसीची अठ्ठेचाळीस मिनिटे धरली तर सव्वाआठ होतात. म्हणजे चौदा तासांहून अधिक. घरी हे अंगवळणी पडलेले असते. येथे दिवसभर वाळूशी झुंजून ओठ फुटलेले होते आणि सूर्य दोन हात वर होता. इतरांनी त्यांच्यापुढे कॅन ठेवला आणि पोटभर पिऊन घ्या म्हणून आग्रह केला. त्यांनी खाखरे आणि डाळ खाल्ली, एक पेला पाणी प्याले आणि पेला पालथा घातला. दुसरा घ्या, असे अभियंते म्हणाले. तेव्हा त्यांनी इतकेच सांगितले, “रात्री तुम्हा चौघांना तहान लागेल, मला लागून उपयोग नाही.” कोणी त्यांच्याशी वाद घातला नाही, कारण वसतिगृहापासून त्यांचा स्वभाव सर्वांना ठाऊक होता.

सूर्य गेल्यावर, उजेड अजून असताना, ढाणीचे मालक शेळ्या घेऊन आले. सत्तरीचे गृहस्थ, सिंधी वळणाची मारवाडी बोलणारे. कापडवाल्यांच्या घरी आजीमुळे मारवाडी अद्याप जिवंत होती. तिचा आधार घेत बोलणे सुरू झाले. मूळ गाव कोणते, दुकान कशाचे, मुले किती, अशी रीतसर विचारपूस झाली. पाण्याची हकिगत त्यांना सांगावी लागली नाही. फुटका कॅन पाहून त्यांनी मागून यायला सांगितले.

ढाणीमागे त्यांची बेरी होती. थरमध्ये पाण्याचे तीन प्रकार मानतात. पावसाचे थेट साठवलेले ते पालर, खोल विहिरीचे ते पाताळपाणी आणि या दोहोंमधले तिसरे, रेजाणी. जैसलमेरला वर्षाला दोनशे मिलिमीटरहूनही कमी पाऊस पडतो. तो वाळूत मुरतो आणि काही ठिकाणी खाली असलेल्या खडूसारख्या जिप्समच्या थरामुळे आणखी खाली, खाऱ्या भूजलात जात नाही. ओलावा होऊन वाळूच्या कणांत अडकून राहतो. तेथे अरुंद तोंडाची खोल बेरी खणली की तो ओलावा थेंबाथेंबाने तिच्यात पाझरतो. दिवसभरात दोन-तीन घडे भरतात, अधिक नाही. आज हव्यासाने उपसले म्हणून उद्या जास्त येत नाही. तोंड अरुंद ठेवतात, कारण पाणी कमी आणि ऊन फार. त्यावर लाकडी झाकण असते, काही ठिकाणी कुलूपही असते. अनुपम मिश्र यांनी ‘राजस्थान की रजत बूँदें’ या हिंदी पुस्तकात या साऱ्या व्यवस्थेचे वर्णन केले आहे. व्याजावर जगावे आणि मुद्दलाला हात लावू नये, ही शिस्त ज्यांना पेढीवर शिकवावी लागते त्यांनी एकदा बेरी पाहावी.

मालकांनी झाकण काढले. त्या संध्याकाळचे पाणी घराचे होते, सकाळचे शेळ्यांचे. त्यांनी घरच्या पाण्यातून दोन घडे देऊ केले. सांगलीकरांनी पिशवीतून दुहेरी पदराचे गाळणे काढले आणि कॅनच्या तोंडावर धरले. पाणी गाळून झाल्यावर त्यांनी गाळणे उलटे करून थोड्या गाळलेल्या पाण्याने मालकांच्या बादलीत धुतले आणि ती बादली अलगद दोराने बेरीत खाली सोडून जिवाणी पाण्याला मिळवली. म्हाताऱ्यांनी ते सारे पाहिले. पाणी सांडले नाही एवढ्यावर त्यांची नजर होती, ते ठीक उतरल्यावर त्यांनी मान हलवली.

चौघे तेथेच ओंजळीने प्याले. अडते बाजूला उभे होते. मालकांनी त्यांच्यापुढेही लोटा केला. कापडवाल्यांनी कारण सांगितले तेव्हा त्यांना अजिबात नवल वाटले नाही. रमजानात आपण दिवसा पीत नाही, हे रात्री पीत नाहीत, असे म्हणून ते हसले आणि लोट्यातील पाणी परत घड्यात ओतले.

पैसे घेण्यास त्यांनी साफ नकार दिला. पाण्याचे पैसे होत नाहीत. मात्र नातवाची गाडी चार दिवस पडून आहे, तेवढी कोणी पाहील का, असे विचारले. मागचे चाक बसले होते. अभियंत्यांनी टॉर्चच्या उजेडात चाक सोडवले. ट्यूब व्हॉल्व्हपाशी फाटली होती, ठिगळ लागण्यासारखी नव्हती. त्यांच्याजवळ एक्सपल्सची एक जादा ट्यूब होती. मापाला थोडी मोठी, पण बसवता आली. नातू आनंदाने ढाणीभोवती दोन फेऱ्या मारून आला. दुपारी दुधाचे कॅन घेऊन गेलेला पोरगा त्याचा थोरला भाऊ निघाला.

रात्री तापमान आठ-नऊ अंशांपर्यंत उतरले. वाळू जितक्या लवकर तापते तितक्याच लवकर निवते. शेकोटीसाठी फोग तोडायचा नाही असे आधीच ठरले होते, कारण त्याच्या मुळांनीच टेकडी धरून ठेवलेली असते. त्यामुळे सगळे घोंगड्या लपेटून बसले आणि लवकर झोपले. आकाशाविषयी लिहिण्याची प्रथा आहे. ते जसे असायला हवे तसे होते. अडत्यांना पहाटे चारला जाग आली आणि मग झोप लागली नाही. त्यांनी माळ काढली. सव्वाआठ वाजले तेव्हा अभियंते पेला भरून त्यांच्यासमोर घड्याळ पाहत उभे होते.

परतीच्या वाटेवर मंडळी फक्त तीन वेळा पडली. दुपारी ते लोद्रव्याला पोहोचले. जैसलमेरच्या वायव्येस सुमारे पंधरा किलोमीटरवर असलेले हे भाटी राजांचे जुने राजधानीचे शहर. ११५६ मध्ये रावळ जैसलने त्रिकूट टेकडीवर नवा किल्ला बांधला आणि लोद्रवा ओस पडले. राहिले ते पार्श्वनाथाचे मंदिर, जे सतराव्या शतकात थारूशाह या श्रेष्ठींनी पुन्हा उभे केले. पिवळ्या दगडाची जाळी इतकी नाजूक, की उन्हाची तिरीप आत शिरताना तिचे तुकडे होतात. चारी बाजूंना कोरडे माळ आणि मध्ये हे कोरीव काम, अशी ती जागा आहे. धर्मशाळेत आंघोळीला प्रत्येकी एक बादली पाणी मिळाले. अर्धी बादली सर्वांनीच शिल्लक ठेवली, आणि त्याबद्दल कोणी कोणाशी बोलले नाही.

दुसरा दिवस किल्ल्यात गेला. संभवनाथ मंदिराच्या तळघरातील जिनभद्रसूरी ज्ञानभांडार पाहिल्याशिवाय जैसलमेर पाहिले असे म्हणू नये. पंधराव्या शतकात या आचार्यांनी ताडपत्रांवरील ग्रंथ येथे सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था केली. जागा आक्रमणांपासून दूर होती आणि हवा कोरडी होती. ओलाव्याने जे कुजले असते ते येथे टिकले. मुनी पुण्यविजयजींनी विसाव्या शतकाच्या मध्यास येथे महिनोन्‌महिने मुक्काम करून हा संग्रह लावला आणि त्याची सूची केली. भुयारातील त्या लहान दारासमोर पाचही जण थोडा वेळ गप्प उभे राहिले.

किल्ल्याचे आजचे दुखणेही पाण्याचेच आहे. २०१३ पासून तो जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि आत अजून लोक राहतात. ज्या काळी माणसे घड्याने पाणी चढवीत, त्या काळासाठी तो बांधला होता. आता नळ आले, हॉटेले आली, स्नानगृहे आली. सांडपाणी मुरते आणि टेकडीचा मातकट पाया भिजून तट-बुरूज खचतात. दुष्काळ आणि वेढे सोसलेल्या वास्तूला पाण्याच्या सुबत्तेने धक्का दिला आहे. यावर उपाय चालू आहेत. तोवर किल्ल्यातील हॉटेलात न उतरता खाली गावात उतरणे हे पाहुण्याच्या हातचे आहे. या पाच जणांनी तसे केले.

पटव्यांच्या हवेल्यांत कापडवाले सर्वांत जास्त वेळ रमले. बाफणा घराण्याच्या या पाच हवेल्या एकोणिसाव्या शतकात उभ्या राहिल्या. जरीचा धागा, अफू, सावकारी आणि सिंधमार्गे जाणाऱ्या काफिल्यांचा व्यापार हे त्यांचे भांडवल. पुढे आगबोटी आणि रेल्वे आल्या, माल मुंबई बंदराकडे वळला आणि उंटांच्या वाटा ओस पडू लागल्या. उरलेसुरले १९४७ च्या फाळणीने तोडले. मुंबईला ज्याने भरभराट आली, त्यानेच जैसलमेर रिकामे झाले. महाराष्ट्रातील अनेक पेढ्यांचा जन्म याच उलथापालथीत झाला आहे, हे हवेलीचे तिकीट काढताना कोणी सांगत नाही.

परतीच्या गाडीत कापडवाल्यांनी खर्चाचा हिशेब मांडला. पार्सल, पेट्रोल, धर्मशाळेची भेट, खीचनला ज्वारीसाठी दिलेली रक्कम, हवेलीची तिकिटे. ‘बेरीचे पाणी, दोन घडे’ असे लिहून ते थांबले आणि रकमेच्या रकान्यात त्यांनी ‘ट्यूब, नग एक’ असे भरले. अभियंत्यांनी वरच्या बर्थवरून हरकत घेतली. ट्यूब त्यांच्या स्वतःच्या पैशांची होती आणि पाणी चौघे प्याले होते, तेव्हा किंमत पाचांत वाटायची की चौघांत? अडत्यांनी त्यांना आठवण करून दिली की सकाळी सव्वाआठचा पेला त्याच पाण्याचा होता, आणि आपला पाचवा हिस्सा काढून त्यांच्या हातावर ठेवला.